छताचा स्लॅब, बिलाचा स्लॅब: दिवसभर घर बंद असताना एसीचं काय करायचं?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सव्वाआठला लाईट गेली आणि रात्रभर चाललेला बेडरूमचा एसी गप्प झाला. डबे, बाटल्या, चाव्या या गडबडीत तो रिमोटने बंद करायचा राहिला, कारण तो बंदच दिसत होता. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, हे बँकेत. नऊला दोघंही बाहेर. संध्याकाळी साडेसहाला दार उघडलं तर बेडरूममध्ये महाबळेश्वर! आमच्यामागे कधीतरी लाईट आली होती आणि एसीने आपलं काम इमानदारीने पुन्हा सुरू केलं होतं. गादी, उशा, कपाट आणि कपाटावरची समई, सगळ्यांनी दिवसभर गार हवा खाल्ली.

पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला एसीवाला आला, त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग चालूच ठेवा की, वहिनी. बंद करून परत चालू केला की जास्त लाईट ओढतो. इन्व्हर्टर आहे तुमचा, सव्वीसवर लावून बिनधास्त जावा." हेच मला आधी दोन शेजाऱ्यांनी आणि ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं. आकडे जुळले नाहीत तर मला झोप येत नाही, म्हणून बसले हिशेब करायला. त्या हिशेबातून जे हाती लागलं ते आता आमच्या घरात रोज चालतं. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, वरच्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. तुमचं घर तसंच असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मधल्या मजल्यावर असाल तर गच्चीचा भाग सोडून द्या, बाकीचं लागू पडेल.

आधी वाद मिटवू: बंद की चालू?

बंद. नऊ-दहा तास घरात कोणी नसेल तर इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) असो वा साधा, एसी बंदच.

सोलापूरकराला हे समजवायला हौदाचं उदाहरण पुरे. तळाशी भोक पडलेला हौद आहे. तो काठोकाठ भरलेला असेल तर धार जोरात लागते, पाणी कमी असेल तर बारीक. दिवसभर नळ चालू ठेवून हौद काठोकाठ ठेवला, तर दिवसभर जोराची धार वाया जाणार. संध्याकाळी लागेल तेव्हा एकदा भरला, तर त्या एका भरण्यापुरतंच पाणी लागणार. गारव्याचं असंच आहे. बाहेर ४२ आणि खोलीत २६ असेल, तर या १६ अंशांच्या फरकाच्या जोरावर उष्णता भिंतीतून, छतातून आत घुसत राहते. खोली तापून ३८ झाली की फरक ४ वर येतो आणि उष्णता आत येण्याचा वेगही मंदावतो. चालू ठेवलेला एसी हा फरक दिवसभर मोठा ठेवतो आणि त्याची किंमत दिवसभर मोजतो.

त्यात वेळही चुकीची. दुपारी तीनला आऊटडोअर युनिटला घरातली उष्णता बाहेरच्या तापलेल्या हवेत ढकलायची असते. बाहेर जितकं जास्त तापलेलं, तितका कॉम्प्रेसरला जोर जास्त. म्हणजे रिकामी खोली आपण नेमकी दिवसातल्या सगळ्यात महागड्या वेळी गार ठेवत असतो.

"चालू होताना जास्त ओढतो" हे खरं आहे, पण किती वेळ? जुन्या, साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या चार-सहापट करंट घेतो, तोही सेकंदभरसुद्धा नाही. ४० अँपिअर अर्धा सेकंद धरले तरी ते होतं एका युनिटच्या हजारांश भागाच्या आसपास. दिवसातून एकदा. इन्व्हर्टर एसी तर हळूहळूच वेग घेतो, तिथे हा धक्काही नाही. तो संथ चालला की कमी वीज खातो हे अगदी बरोबर, पण बंद असताना त्याहून कमी खातो.

मीटरसमोर एक मिनिट उभं राहा

माझ्यावर विश्वास ठेवू नका, एसीवाल्यावरही नको. जिन्याखाली तुमचं मीटर आहे, त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आता असं करा:

१. एसी बंद असताना, घरात फ्रिज-पंखा नेहमीसारखा चालू ठेवून, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि ठोके मोजा. आकडा लिहून ठेवा.
२. एसी चालू करा. अर्ध्या तासाने, खोली गार झाल्यावर, परत मोजा.
३. दोन्हींतला फरक घ्या आणि १९ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे एसी त्या क्षणी किती वॅट घेतोय. (मीटरवर ३२०० नसून दुसरा आकडा असेल तर ६०,००० ला त्या आकड्याने भागा आणि १९ ऐवजी ते वापरा.)

मोजताना फ्रिज मध्येच सुरू झाला तर हिशेब बिघडतो, म्हणून दोन-तीनदा मोजा. मी पहिल्यांदा मोजायला गेले तेव्हा खालच्या काकूंनी "मीटर पळतंय का गं?" असं विचारलं आणि त्याही शेजारी उभ्या राहून मोजायला लागल्या. दोघींचे आकडे जुळले नाहीत, तिसऱ्यांदा जुळले.

समजा मिनिटाला ३८ ठोके जास्त पडले. म्हणजे सुमारे ७०० वॅट. दुपारच्या उन्हात दीड टनाचा इन्व्हर्टर सव्वीसवर सरासरी एवढे घेत असेल, तर नऊ तासांत ६.३ युनिट गेले. उलट दिवसभर बंद ठेवून संध्याकाळी चालू केला, तर पहिला तास तो जोरात पळेल, दीडेक युनिट खाईल, पुढचे दोन-तीन तासही नेहमीपेक्षा थोडा जास्त चालेल. तो जादाचा खर्च दोन-अडीच युनिट धरला तरी रोजचे चारेक युनिट वाचले. महिन्याला २५ दिवस कामाचे, म्हणजे १०० युनिट.

हे शंभर युनिट बिलात कुठून कमी होतात तेही बघा. महावितरणच्या घरगुती बिलाचे टप्पे म्हणजे स्लॅब आहेत: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्यातल्या युनिटला त्या टप्प्याचा दर, आणि वर चढावं तसा दर चढतो. तुमचे मेमध्ये ३८० युनिट होत असतील आणि ते २८० वर आले, तर वाचलेल्यातले ८० युनिट ३०० च्या वरच्या महाग टप्प्यातले असतात. वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरचं, सगळ्यात महाग असतं. वर १६ टक्के वीजशुल्क आहे, तेही तेवढंच उतरतं. तुमच्या बिलावर सध्याचे दर छापलेले असतात, ते समोर घेऊन गुणाकार करा.

एसी नेमकं काय गार करतो?

इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. आपल्याला वाटतं एसी खोलीतली हवा गार करतो. बारा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत हवा असते जेमतेम ४४ किलो. ती ३८ वरून २६ वर आणायला लागणारी वीज एका युनिटचा विसावा भाग. काहीच नाही!

आणि डोक्यावरचा स्लॅब? त्याच खोलीवरचा पाच इंची स्लॅब सुमारे चार टन वजनाचा असतो. तो नुसता एक अंशाने उतरायचा तर एक युनिटएवढी उष्णता बाहेर पडावी लागते. दिवसभर तापलेला स्लॅब कित्येक अंशांनी चढलेला असतो, आणि ही उष्णता आत झिरपायला वेळ लागतो. दुपारचं ऊन आपल्या डोक्यावर संध्याकाळी उतरतं. म्हणून तर रात्री जेवायला बसलं की छतातून भट्टीसारखी धग येते आणि एसी धापा टाकतो. तो हवेशी भांडत नसतो, स्लॅबशी भांडत असतो.

सासूबाईंच्या गावाकडच्या जुन्या घराला माळवद आहे. लाकडी किलचणावर मातीचा जाड थर. भर मेमध्ये दुपारी तिथे पंख्याशिवाय झोप लागते. मातीचा तो थर तापेपर्यंत सूर्य मावळतो. आपण माळवदं पाडून पाच इंची काँक्रीट टाकलं आणि त्याखाली एसी बसवला.

तेव्हा आपण कामावर असताना विजेची खरी बचत एसीच्या बटणाने होत नाही, स्लॅब तापू न दिल्याने होते. बटण बंद करणं ही फक्त सुरुवात.

मार्चमध्ये, एकदाच करायची कामं

सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही. मार बसतो तो गच्चीला, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला. पैसे आणि मेहनत या दोन ठिकाणी घाला. दक्षिणेच्या खिडकीला महागडे पडदे लावून काही साधत नाही.

गच्चीला चुना. स्वस्तातला आणि माझ्या मते सगळ्यात फायद्याचा उपाय. आधी गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून घ्या. चुना रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी गाळा, त्यात पांढरं सिमेंट आणि थोडं फेव्हिकॉल घाला, नाहीतर चालताना पायाला पांढरं लागतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मोठ्या ब्रशने किंवा कुंच्याने पातळ दोन-तीन हात मारा. हातमोजे घाला, चुना डोळ्यांत उडू देऊ नका. तयार मिळणारे पांढरे कूल रूफ रंग जास्त टिकतात, पण महाग पडतात. चुना पावसाळ्यात धुपतो आणि दरवर्षी परत मारावा लागतो. फरक पडला की नाही हे कळायला यंत्र नको. दुपारी दोनला अर्धी चुना मारलेली, अर्धी तशीच ठेवलेली अशा गच्चीवर अनवाणी जा. साध्या स्लॅबवर तुम्ही दोन पावलंही टाकू शकणार नाही, पांढऱ्यावर उभं राहता येतं. पुढचं वर्षभर धूळ साचली की झाडत राहा, मळकट पांढरं निम्म्या कामाचं.

शेडनेट हा दुसरा उपाय. डाळिंब-द्राक्षाच्या भागात आपण राहतो, शेतीमालाच्या दुकानात शेडनेट सहज मिळतं. फक्त ते स्लॅबवर अंथरू नका. पाइप किंवा बांबू रोवून दोन-तीन फूट वर ताणा, म्हणजे खालून वारा खेळतो. अंथरलेलं नेट स्वतः तापतं आणि ती उष्णता स्लॅबला देतं. आणि घट्ट बांधा. वळवाच्या वादळात आमचं नेट उडून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं होतं.

सोसायटीत राहत असाल तर गच्चीसाठी बैठक घ्यावी लागेल, तीही वरच्या मजल्यावाल्यांनाच. खालचे म्हणतील आम्हाला काय फायदा. त्यांना खरोखरच फारसा नाही, तेव्हा खर्च वरच्यांनीच उचलायची तयारी ठेवा.

पश्चिमेची खिडकी. ऊन काचेच्या आत आलं की ते आतच राहतं, मग जाड पडदा फक्त खोलीतला अंधार वाढवतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बांबूची चिक, हिरवी जाळी, वाळ्याचा पडदा, काहीही चालेल. आम्ही एक वर्ष जुनी सोलापुरी चादर खिळ्यांना टांगली होती. चादरीवरचे मोर उन्हाने विटले, पण खोली वाचली. भाड्याच्या घरात असाल आणि खिळा मारायची परवानगी नसेल, तर बाहेरच्या ग्रिलला चादर बांधायला कोणाची हरकत नसते.

आऊटडोअर युनिट पश्चिमेला असेल तर त्यावर सावली हवी, पण पुढून आणि बाजूने हवा मोकळी पाहिजे. पोत्याने किंवा जाळीने गुंडाळलं तर फायद्याऐवजी तोटा.

सर्व्हिसिंगबद्दल थोडक्यात: उन्हाळ्याआधी एकदा आऊटडोअर पाण्याने धुऊन घ्या. आतली जाळी मात्र स्वतः पंधरा दिवसांनी काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी आठवड्याला. तिथल्या हवेत सुताचं फूल असतं, ते जाळीवर गोधडीसारखं बसतं आणि एसी तासन् तास चालूनही गार होत नाही. आणि दरवर्षी "गॅस कमी झालाय" असं कोणी सांगत असेल तर गॅस भरण्याआधी गळती कुठे आहे ते विचारा. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. गळती नसेल तर वर्षानुवर्षं तोच चालतो.

रोजची सकाळ: पाच ते नऊ

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. त्याचा एक फायदा असा की पहाटे हवा चांगली उतरते. म्हणून पाच-साडेपाचला एसी बंद करा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखा लावा. तीन तासांत भिंती, फरशी, गादी फुकट गार होतात. हे फुकटचं गार करणं मला सगळ्यात आवडतं, कारण ते बिलात कुठेच दिसत नाही.

साडेआठच्या सुमाराला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम लागायला लागली की उलटं: सगळ्या खिडक्या घट्ट बंद, पश्चिमेची चिक खाली, बेडरूमचं दार लावलेलं. "हवा खेळती राहू दे" म्हणून खिडकी उघडी टाकून जाणारे पुष्कळ आहेत. मे महिन्यात त्यातून हवा नाही, झळा खेळतात. दोनशे-तीनशे रुपयांचा एक साधा थर्मामीटर घरात आणि एक बाल्कनीत ठेवला की कधी उघडायचं आणि कधी लावायचं याचा वादच राहत नाही.

सकाळचा ओट्याजवळचा एक्झॉस्ट फोडण्या संपेपर्यंत चालू ठेवा. इस्त्री, गिझर यांची धगही सकाळीच बाहेर जाऊ द्या.

निघताना: दोन मिनिटांचं काम

आधी रिमोटने एसी बंद. मग, पंखा थांबून पट्टी मिटली की, भिंतीवरचं त्याचं बटण किंवा एमसीबी (बोर्डावरचा त्याचा खटका) बंद. हा क्रम पाळा. चालू एसीची लाईट थेट तोडू नका.

एमसीबी बंद करण्याची तीन कारणं. एक, माझी सुरुवातीची गोष्ट. बऱ्याच एसींमध्ये लाईट परत आली की आधीच्या स्थितीतून आपोआप सुरू होण्याची सोय असते. चालू असताना लाईट गेली तर तो मनात चालूच असतो. म्हणून आमच्या घरात नियम झालाय: लाईट गेलेली असली तरी निघताना बटण बंद. दोन, रिमोटने बंद केलेला एसी आणि विशेषतः जुना स्टॅबिलायझर काही वॅट खात बसतात. थोडेच, पण महिनाभर. तीन, एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, विजा कडाडतात, लाईट ये-जा करते. एसीचं सर्किट बोर्ड जळलं की वर्षाची बचत एका दिवसात गेली.

आता महत्त्वाचा अपवाद. घरात आजी-आजोबा, तान्हं बाळ, आजारी माणूस किंवा पाळलेलं कुत्रं-मांजर असेल तर हे सगळं गुंडाळून ठेवा. त्यांच्यासाठी एकच खोली निवडा, शक्यतो पूर्वेची किंवा खालच्या मजल्यावरची, आणि तिथे सव्वीस-सत्तावीसवर एसी किंवा चांगला कूलर चालू राहू द्या. म्हातारी माणसं "मला नको एसी, बिल येतंय" म्हणत घामाघूम बसतात. त्यांचं ऐकू नका. पन्नास-शंभर युनिटसाठी उष्माघात परवडत नाही. इन्सुलिन वगैरे औषधं फ्रिजमध्ये आहेत ना, तेही बघून निघा.

टायमर, वाय-फाय आणि इतर हुशारी

घरी पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी सुरू व्हावा असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी तीन वाटा.

रिमोटवरचा ऑन टायमर सगळ्यांकडे असतो आणि फार थोडे वापरतात. नऊला निघालात, साडेसहाला येणार, तर नऊ तासांनी चालू असं लावून जायचं. अडचण एकच: मधे लाईट गेली तर बऱ्याच मॉडेलमध्ये टायमर पुसला जातो. आपल्याकडे मेमध्ये लाईट जात नाही असं कोण म्हणेल?

वाय-फायचा एसी असेल तर ऑफिसातून निघताना मोबाईलवर चालू करता येतो. यासाठी एसीचं बटण आणि राऊटर दोन्ही दिवसभर चालू ठेवावं लागतं, म्हणजे वरची एमसीबीची शिस्त मोडते. जुन्या एसीला रिमोटसारखं चालणारं एक छोटं यंत्र जोडून हेच करता येतं. पण साध्या स्मार्ट प्लगने एसी चालू-बंद करू नका. तो लाईट सरळ तोडतो, आणि स्वस्त प्लगचा अँपिअर एसीच्या मानाने कमी असेल तर तापून वितळतो.

मोबाईल "तुम्ही घराजवळ आलात" म्हणून स्वतःच एसी चालू करतो, ती सोय मी महिनाभर वापरून सोडली. वाटेत सात रस्ता चौकात भाजी घ्यायला थांबलं, मैत्रीण भेटली, तर घरी एसी एकटाच चालतोय. माझं मत विचाराल तर या सगळ्यापेक्षा घरी येऊन चालू करणं स्वस्त. केवळ वाय-फायसाठी नवा एसी घेऊ नका.

स्मार्ट मीटर बसलेल्यांचा एक प्रश्न असतो. टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरच्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला दरात सवलत आहे. मग एसी दिवसाच चालवून घर गार करून ठेवायचं का? नाही. सवलत युनिटमागे थोड्या पैशांची, आणि वाया जाणारं युनिट पूर्ण किमतीचं. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर त्या वेळेत चालवा. गच्चीवर सोलर असणाऱ्यांनाही तेच: रिकाम्या खोलीत घालवलेलं युनिट ग्रिडला गेलं असतं तर तुमच्या खात्यात जमा झालं असतं.

संध्याकाळी परत आल्यावर

चप्पल काढायच्या आधी एसी लावायची सवय मोडायला मला दोन आठवडे लागले. आता आमचा क्रम असा.

दार उघडलं की थर्मामीटर बघायचा. बाहेर आतल्यापेक्षा कमी असेल तर सगळ्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटं उघड्या, पंखा आणि एक्झॉस्ट जोरात. दिवसभर कोंडलेली हवा बाहेर जाते. बाहेर अजून जास्त असेल, जे मेमध्ये साडेसहाला पुष्कळदा असतं, तर खिडक्या उघडू नका; कोंडलेली का असेना, आतली हवा बाहेरच्या झळांपेक्षा बरी.

मग गच्ची. आरओ मशीन जे पाणी टाकून देतं ते आम्ही बादलीत धरतो. दिवसाला एक-दीड बादली सहज होते. ऊन उतरल्यावर ती गच्चीवर शिंपडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिटएवढी उष्णता उचलली जाते. त्यातली सगळी स्लॅबमधून येत नाही, काही हवेतून येते, तरीही बादलीभर पाण्याचं काम एसीने करायचं म्हटलं तर महाग पडेल. पाणी ओतायचं नाही, पातळ शिंपडायचं, लगेच वाळलं पाहिजे. नळाचं चांगलं पाणी मात्र यासाठी वापरू नका. चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात गच्ची भिजवली तर शेजारी बोलणारच. स्लॅबला गळती असेल तर हा उद्योग करूच नका.

हॉलमध्ये पहिला तास-दीड तास कूलर. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत कूलर जे काम करतो ते मुंबईकराला सांगून पटत नाही. साधारण दीडशे-दोनशे वॅटमध्ये चहा, अभ्यास, स्वयंपाक सगळं निभतं. कूलरसमोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात चिकचिक. आणि एका खोलीत एसी आणि कूलर एकत्र कधीही नको. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी तेच पाणी वीज खर्चून काढतो. दोघांची भांडणं, बिल आपल्याला.

आठ-साडेआठनंतर, म्हणजे झोपायच्या तासभर आधी, बेडरूमचा एसी. दार-खिडक्या बंद, सेटिंग २६, पंखा दोनवर. अठरावर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. साधा एसी अठरावर काय, सव्वीसवर काय, कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने चालवतो. इन्व्हर्टरसुद्धा खोली तापलेली असताना सुरुवातीला जोरातच पळतो. अठराने एवढंच होतं की आपण विसरतो आणि मध्यरात्री चादर शोधतो. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू केल्यावर मुळातच २४ वर सुरू होतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. चोविसावरून सव्वीसवर या आणि पंखा लावा, अंगाला फरक कळत नाही. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर तीसेक वॅट, जुना असेल तर सत्तर-ऐंशी. एसीपुढे दोन्ही किरकोळच.

पहिल्या रात्री घरातल्यांची कुरकुर होईल. आमच्याकडे रिमोट उशीखाली लपवण्यापर्यंत वेळ गेली होती. मग मी २४ वर तीन दिवस आणि २६ वर तीन दिवस, रोज रात्री दहा आणि सकाळी सहाला मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहून ठेवलं. ते आकडे बघितल्यावर ह्यांनी रिमोट स्वतःहून टेबलावर ठेवला.

पहाटेसाठी ऑफ टायमर लावा, पाच-साडेपाचचा. तेव्हा बाहेरची हवा आपलं काम करायला तयार असते.

नवा एसी घ्यायचाच असेल तर

स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते १६०० तासांच्या वापरासाठी असतात. समजा ९६० लिहिलंय, तर १६०० ने भागा: तासाला ०.६ युनिट. दोन मॉडेलमधला फरक तुमच्या तासांनी गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. आम्हा दिवसभर बाहेर असणाऱ्यांचा वापर फक्त रात्रीचा, तोही मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत. कधीकधी पाच स्टारचे जादा पैसे वसूल व्हायला इतकी वर्षं लागतात की तेच पैसे गच्चीच्या रंगात घातलेले बरे. दिवसभर घरी माणसं असतील तर गणित उलटं, पाच स्टारच घ्या.

मृगाचा पहिला पाऊस पडला की हवा दमट होते. तेव्हा कूलर धुऊन, वाळवून, झाकून ठेवायचा आणि रात्री उकडलं तर एसीचा ड्राय मोड बघायचा. शेडनेटच्या दोऱ्याही तेव्हाच सोडून घ्या. आणि गच्चीची पन्हाळी साफ करा, चुन्याचे पापुद्रे निघून तिथेच अडकतात.